प्रसाधनांतील प्लास्टिक कण आणि त्यांचे जैवविघटनशील पर्याय : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास आजवर बहुधा अभिरुचीचा, वर्गाचा किंवा स्त्रीजीवनाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. प्रसाधनांच्या घटकद्रव्यांचा इतिहास मात्र रसायनशास्त्राच्या विभागाकडे सोपवून इतिहासाचे अभ्यासक मोकळे होतात. वस्तुतः एखादे द्रव्य बाजारात का आले, ते कोणाच्या सोयीचे ठरले, त्यावर पहिला आक्षेप कोणी व केव्हा घेतला आणि ते हटविताना कायद्याने कोणते शब्द योजले, हे सर्व प्रश्न इतिहासाचेच आहेत. प्रस्तुत निबंधात फेसवॉश, स्क्रब, टूथपेस्ट यांसारख्या प्रसाधनांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरलेल्या प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांचा आणि त्यांच्या जागी जैवविघटनशील पदार्थ आणण्याच्या प्रयत्नांचा मागोवा घेतला आहे.

या विषयावरील प्रचलित लेखनात दोन सोप्या मांडण्या आढळतात. एक म्हणजे उद्योगांनी निष्काळजीपणे प्लास्टिक आणले, शास्त्रज्ञांनी ते शोधले आणि कायद्याने ते घालविले. दुसरी, विशेषतः आपल्याकडील, मांडणी अशी की आपल्या पूर्वजांकडे उटणे होतेच, तेव्हा पर्यायाचा शोध घेण्याचे कारणच नाही. या दोन्ही मांडण्या अपुऱ्या आहेत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल. प्लास्टिकचा कण स्वतःच एका नैसर्गिक कणाचा पर्याय म्हणून आला होता. आणि त्याला हटविण्याचा सारा झगडा शेवटी ‘जैवविघटनशील’ या एका विशेषणाच्या अर्थावर येऊन ठेपला.

उद्वर्तनाची परंपरा

अंगाला काहीतरी खरखरीत चोळून मळ व मृत त्वचा काढण्याची रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उद्वर्तन, उत्सादन आणि उद्घर्षण असा भेद केलेला असून उद्घर्षणासाठी विटेच्या तुकड्याचाही उल्लेख आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग व व्यायाम यांच्यानंतर उद्वर्तनाचे गुण सांगितले आहेत. दक्षिणेत, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘स्नानभोग’ हा राजाच्या उपभोगांपैकी एक स्वतंत्र विषय मानला आहे. महाराष्ट्रातील घराघरांत हीच परंपरा नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाच्या उटण्यात टिकून राहिली. नागरमोथा, वाळा, चंदन, आवळकाठी, कापूरकाचरी, आंबेहळद यांचे चूर्ण दुधात किंवा तेलात कालवून लावण्याची पद्धत आजही आहे. एरवीच्या दिवसांत हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, मसुराचे पीठ, टाचांसाठी वज्री आणि दातांसाठी राखुंडी किंवा मीठ अशी सोय होती. युरोपातही दळलेले बदाम, ओटचे पीठ, कोंडा व प्युमिस दगडाची पूड याच कामी येत असे.

या सर्व पदार्थांचे एक समान लक्षण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. हे सर्व पदार्थ कोरडे साठविले जात आणि वापरण्याच्या क्षणी ओले केले जात. डाळीचे पीठ पाण्यात कालवून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवले तर त्याचे काय होते, हे कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असते. वनस्पतिजन्य चूर्णात बुरशीचे व जिवाणूंचे बीज असतेच. कोरडेपणामुळे ते निपचित पडून राहते, एवढेच. म्हणजे जुन्या घर्षक पदार्थांचे जैवविघटनशील असणे हा त्यांचा गुण होता तसाच तो त्यांच्या साठवणीतील दोषही होता. ज्याला माती खाऊ शकते त्याला बाटलीतली बुरशीही खाऊ शकते.

नळीची गरज

एकोणिसाव्या शतकात चित्रकलेच्या रंगांसाठी दाबता येणारी धातूची नळी तयार झाली. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच शतकाच्या अखेरीस दंतमंजन नळीत भरले जाऊ लागले आणि विसाव्या शतकात मुखप्रसाधने, हात धुण्याची द्रव्ये, शाम्पू हे सर्व पाणी मिसळलेल्या, तयार, सुवासिक स्वरूपात विकले जाऊ लागले. कालवण्याचे काम ग्राहकाच्या हातून कारखान्याकडे गेले. या तयार जेलमध्ये घालावयाचा कण कसा असावा, याच्या अपेक्षाही मग बदलल्या. तो पाण्यात फुगू नये, रंग सोडू नये, सुगंधी द्रव्यांशी प्रतिक्रिया करू नये, तळाशी बसू नये, त्यावर बुरशी येऊ नये, आणि दोन-तीन वर्षे दुकानाच्या फळीवर तो तसाच राहावा. अक्रोडाच्या कवचाची पूड जेलला तपकिरी करते व तिचे वजनही जास्त, पिठे फुगतात, मीठ व साखर विरघळून जातात.

पॉलिइथिलीन या सर्व अपेक्षांना उतरत होते. इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत २७ मार्च १९३३ रोजी रेजिनाल्ड गिब्सन व एरिक फॉसेट यांच्या हातून ते जवळजवळ अपघाताने निर्माण झाले. त्याची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी, म्हणून ते जेलमध्ये लोंबकळत राहते. ते रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय, पांढरे, हवा तो रंग घेणारे आणि स्वस्त. त्वचा स्वच्छ करणाऱ्या द्रव्यात प्लास्टिकचे कण घर्षक म्हणून वापरण्याचे एक पेटंट अमेरिकेत १९७२ मध्ये दिले गेले. त्यानंतर वीस वर्षे हा वापर मर्यादित राहिला. १९९० नंतर मात्र फेसवॉश व स्क्रब यांच्या बाजारात तो झपाट्याने पसरला.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. मायक्रोबीडचा शोध नॉर्वेतील जॉन उगेलस्टाड यांनी लावला, असे लोकप्रिय लेखनात वारंवार म्हटले जाते. उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकसारख्या आकाराचे पॉलिस्टायरीनचे गोल कण तयार करण्याची पद्धत शोधली, हे खरे. परंतु त्या कणांचा मार्ग वैद्यकीय प्रयोगशाळेकडे, पेशी व प्रथिने वेगळी करण्याकडे गेला. फेसवॉशमधील कण हे बव्हंशी पॉलिइथिलीनचे होते आणि त्यांचा इतिहास वेगळा आहे. दोहोंना एकच नाव मिळाल्यामुळे एका गुणी रसायनशास्त्रज्ञाच्या माथी भलतेच अपत्य मारले गेले.

‘गौण’ मानला गेलेला स्रोत

योगायोग असा की १९७२ याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात कार्पेंटर व स्मिथ यांनी सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक तुकड्यांची नोंद प्रसिद्ध केली. एकीकडे कण घर्षक म्हणून पेटंटमध्ये नोंदविला जात होता आणि दुसरीकडे समुद्रात प्लास्टिकचे कण मोजले जात होते. परंतु या दोन नोंदी एकमेकींना भेटण्यास जवळजवळ दोन दशके लागली. १९९१ मध्ये झिट्को व हॅनलन यांनी ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’मध्ये त्वचा स्वच्छ करणाऱ्या द्रव्यांतील प्लास्टिक घर्षकांकडे प्रदूषणाचा आणखी एक स्रोत म्हणून बोट दाखविले. १९९६ मध्ये न्यूझीलंडचे भूशास्त्रज्ञ मरे ग्रेगरी यांनी त्याच नियतकालिकात हात धुण्याच्या द्रव्यांतील कणांवर लिहिले. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच हा स्रोत ‘गौण’ असल्याचे कंसात नमूद होते. हा कंस विचार करण्याजोगा आहे. ग्रेगरी यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. त्या वेळी तो स्रोत खरोखरच लहान होता, आणि समुद्रातील एकूण प्लास्टिकच्या वजनाच्या हिशेबात तो पुढेही लहानच राहिला. मग ज्याचा हिस्सा लहान, त्यावर जगभर इतक्या त्वरेने बंदी का आली?

याचे उत्तर प्रमाणात नसून हेतूत आहे. टायरची झीज, कपड्यांतून सुटणारे धागे, फुटलेल्या बाटल्यांचे तुकडे हे वापराचे अनिष्ट परिणाम होत. फेसवॉशमधील कण मात्र मुद्दाम घातला जातो आणि मोरीत जावा म्हणूनच घातला जातो. त्याचा वापर आणि त्याचे वाहून जाणे ही एकच क्रिया आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन व सहकारी यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’मधील छोटेखानी लेखात सूक्ष्मप्लास्टिक हा शब्द रूढ केला आणि १९६० पासून जपून ठेवलेल्या प्लवकांच्या नमुन्यांत असे तंतू व तुकडे वाढत गेल्याचे दाखविले. २००९ मध्ये ऑकलंड विद्यापीठातील फेंडॉल व स्यूएल यांनी बाजारातील फेसवॉश तपासून असा निष्कर्ष काढला की सामान्य ग्राहक आता रोजच्या रोज सूक्ष्मप्लास्टिक वापरीत आहे. ग्रेगरींचा ‘गौण’ हा शब्द तेरा वर्षांत मागे पडला होता.

खरी कलाटणी मिळाली ती समुद्रापासून दूर, गोड्या पाण्यात. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील महासरोवरांत २०१२ च्या उन्हाळ्यात शेरी मेसन, मार्कस एरिक्सन व सहकारी यांनी जाळी ओढून नमुने घेतले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रति चौरस किलोमीटर सरासरी सुमारे ४३,००० कण आढळले. एका ठिकाणी हा आकडा ४,६६,००० च्या वर गेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील अनेक कण गोल व रंगीत दिसले, फेसवॉशमध्ये असतात तसे. या संशोधकांनी एक प्रामाणिकपणा दाखविला, तो नमूद केला पाहिजे : एक मिलिमीटरहून लहान गोल कणांपैकी सुमारे एक-पंचमांश कण प्लास्टिकचे नसून कोळशाच्या राखेतील ॲल्युमिनियम सिलिकेटचे निघाले, हेही त्यांनी त्याच लेखात सांगितले. पुढे वृत्तपत्रांत आकडे राहिले, राख गळाली.

२०१५ मध्ये दोन अभ्यास आले. प्लिमथच्या नॅपर व सहकाऱ्यांनी दाखविले की स्क्रबच्या एका वापरात ४,५९४ ते ९४,५०० कण सांडपाण्यात जाऊ शकतात. त्यांना आढळलेले कण सर्वच गोल नव्हते. त्यांत लंबगोल, फिती, धागे व ओबडधोबड तुकडेही होते. गोल व गुळगुळीत असल्यामुळे प्लास्टिकचा कण त्वचेला ओरखडत नाही, हा प्लास्टिकच्या बाजूने केला जाणारा मुख्य युक्तिवाद होता. बाजारातील प्रत्यक्ष मालाने त्याची साक्ष दिली नाही. चेल्सी रोशमन व सहकाऱ्यांनी अमेरिकेपुरता अंदाज मांडला : दररोज आठ लाख कोटी कण जलाशयांत जातात, आणि हा भाग सांडपाण्यातील एकूण कणांच्या जेमतेम एक टक्का होय. उरलेले नव्याण्णव टक्के प्रक्रिया केंद्रातील गाळात अडकतात व गाळाबरोबर अनेक ठिकाणी शेतात पसरले जातात. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी उत्तम यंत्रणा असली की प्रश्न सुटतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. प्रश्न पाण्यातून मातीत जातो, इतकेच.

एका विशेषणाचा इतिहास

नेदरलँड्समधील स्वयंसेवी संस्थांनी २०१२ मध्ये मायक्रोबीडविरोधी मोहीम सुरू केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये युनिलिव्हर कंपनीने २०१५ पर्यंत हे कण वगळण्याचे जाहीर केले आणि इतर मोठ्या कंपन्यांनीही क्रमाने तशा घोषणा केल्या. २०१४ मध्ये अमेरिकेतील दंतचिकित्सा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांनी रुग्णांच्या हिरड्यांत अडकलेले निळे कण दाखविले, तेव्हा टूथपेस्टमधील हे पॉलिइथिलीन केवळ रंगशोभेसाठी असल्याचे उघड झाले. दात घासण्याचे काम तेथे सिलिका करीत होती. प्लास्टिक नुसते मिरवीत होते.

जून २०१४ मध्ये इलिनॉय हे बंदीचा कायदा करणारे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. या कायद्याची व्याख्या बारकाईने वाचली पाहिजे. तीत ‘जैवविघटनशील नसलेले’ घन प्लास्टिक कण एवढेच निषिद्ध होते. जैवविघटन म्हणजे किती, कोठे आणि किती काळात, याचा उलगडा नव्हता. पॉलिलॅक्टिक आम्ल हे मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून बनणारे बहुवारिक औद्योगिक कंपोस्टाच्या सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानात विघटित होते. थंड सरोवरात ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. तरीही त्याला ‘जैवविघटनशील’ म्हणता येते, कारण कोठेतरी ते विघटित होते. विशेषणाची ही पळवाट ध्यानात आल्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या कायद्यात जैवविघटनशील प्लास्टिकलाही सूट दिली नाही. २८ डिसेंबर २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या संघीय कायद्याने पाच मिलिमीटरहून लहान ‘कोणताही घन प्लास्टिक कण’ अशी व्याख्या केली आणि विशेषणच काढून टाकले. मात्र त्याच वेळी कायद्याची कक्षा धुऊन टाकावयाच्या व त्वचा घासून स्वच्छ करणाऱ्या प्रसाधनांपुरती आखली गेली. लिपस्टिक, फाउंडेशन, चकाकी, सनस्क्रीन यांतील कण बाहेर राहिले. शब्द कडक, क्षेत्र अरुंद, असा तो सौदा होता.

कॅनडा, फ्रान्स, ब्रिटन, न्यूझीलंड, स्वीडन, दक्षिण कोरिया यांनी २०१७ व २०१८ मध्ये आपापल्या बंदी अमलात आणल्या. युरोपीय संघाने अधिक वेळ घेतला आणि उलट मार्ग धरला. २५ सप्टेंबर २०२३ रोजी स्वीकारलेल्या व १७ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमाने मुद्दाम घातलेल्या सर्वच कृत्रिम बहुवारिक सूक्ष्मकणांना कक्षेत घेतले. क्रीडांगणावरील रबरी भुकटीपासून नखरंगापर्यंत. क्षेत्र विस्तृत ठेवले, परंतु जैवविघटनशील व पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकांना आणि रासायनिक बदल न केलेल्या नैसर्गिक बहुवारिकांना सूट दिली. मात्र ही सूट नुसत्या शब्दावर मिळत नाही. कोणत्या चाचण्या, कोणत्या परिस्थितीत, किती दिवसांत, हे परिशिष्टात दिले आहे. त्यांतील सर्वपरिचित चाचणीत पदार्थाच्या कार्बनापैकी ६० टक्के भाग २८ दिवसांत सूक्ष्मजीवांनी कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने मोकळा केला पाहिजे. म्हणजे पदार्थाचे तुकडे होणे पुरेसे नाही. तो खाल्ला गेला पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची प्रगती हीच होय. अमेरिकेने संशयास्पद विशेषण फेकून दिले, युरोपने त्याला पुरावा मागितला. पर्यायांच्या संशोधनाला उत्तेजन देण्याची शक्ती दुसऱ्या मार्गातच आहे, कारण पहिल्यात चांगला आणि वाईट बहुवारिक एकाच दंडाला पात्र ठरतो.

पर्यायांची परीक्षा

पर्यायांचा इतिहास मायक्रोबीडच्या बंदीपासून सुरू होत नाही. प्रसाधन उद्योगाने याआधीही एक प्राणिज द्रव्य बदलले होते. स्पर्म व्हेलच्या मस्तकातील मेणासारखे द्रव्य, स्पर्मासेटी, हे कोल्ड क्रीमचे जुने घटक होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने स्पर्म व्हेलचे तेल निषिद्ध केल्यावर सोनोरन वाळवंटातील जोजोबा या झुडपाच्या बियांतील द्रव मेण पुढे आले. पुढे राजस्थानातही त्याची लागवड झाली. त्याच जोजोबाच्या मेणावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेले गोल मणी आज पॉलिइथिलीनची जागा घेत आहेत. व्हेलला वाचविण्यासाठी शोधलेले द्रव्य चाळीस वर्षांनी प्लवकांच्या कामी आले. ब्राझीलचे कार्नौबा व तांदळाच्या कोंड्याचे मेण हेही याच वर्गातील होत. मेणाचे मणी मऊ असतात, उन्हाळ्यात गोदामात चिकटतात आणि त्यांची किंमत जास्त पडते, हे तोटे आहेतच.

जिवाणूंपासून मिळणाऱ्या पॉलिहायड्रॉक्सिअल्कॅनोएट या बहुवारिकांची कथा अधिक उद्बोधक आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मॉरिस लेमॉइन यांनी १९२० च्या दशकात, म्हणजे पॉलिइथिलीनच्याही आधी, जिवाणूच्या पेशीत साठविलेले हे द्रव्य ओळखले. १९८० च्या दशकात ते ‘बायोपोल’ या नावाने बाजारात आणणारी कंपनी होती इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज, तीच जिच्या प्रयोगशाळेत पॉलिइथिलीन जन्मले होते. १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शाम्पूची बाटली बायोपोलची होती. पण तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिकच्या किमतीशी स्पर्धा होऊ शकली नाही. हा व्यवसाय हातोहात फिरत १९९६ मध्ये मोन्सॅन्टोकडे आणि पुढे २००१ मध्ये मेटाबॉलिक्सकडे गेला. समुद्राच्या पाण्यातही विघटित होणाऱ्या मोजक्या बहुवारिकांत याची गणना होते. ज्ञान सुमारे नव्वद वर्षे उपलब्ध होते; मागणी कायद्याने निर्माण केली.

सेल्युलोजच्या बाबतीत ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. विरघळविलेले सेल्युलोज सच्छिद्र नळीच्या बारीक रंध्रांतून तेलात ढकलले की त्याचे थेंब बनतात आणि ते घट्ट केले की गोल मणी मिळतात. मणी जेलमध्ये टिकतात व सांडपाण्याच्या प्रक्रियेत विघटित होतात. नळीची गरज आणि मातीची गरज यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे. रवाळ सिलिका, पर्लाइट यांसारखी खनिजे हा आणखी एक वर्ग. ती जैवविघटनशील नाहीत, पण ती वाळूच्याच जातीची असल्याने आक्षेप कमी.

अक्रोडाचे कवचही परतले, आणि त्याबरोबर जुना वादही. डिसेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात एका प्रसिद्ध स्क्रबच्या उत्पादकावर दावा दाखल झाला की अक्रोडाच्या कवचाच्या टोकदार पुडीमुळे त्वचेला सूक्ष्म जखमा होतात. २०१८ मध्ये न्यायालयाने पुराव्याअभावी निकाल उत्पादकाच्या बाजूने दिला. प्लास्टिक ज्या कारणासाठी आणले असे सांगितले जात होते, ते कारण न्यायालयात सिद्ध होऊ शकले नाही.

चकाकीच्या बाबतीत चित्र इतके आशादायक नाही. पारंपरिक चकाकी म्हणजे पॉलिएस्टरच्या फितीवर ॲल्युमिनियमचा थर. तिच्या जागी निलगिरीच्या लाकडापासून मिळविलेल्या पुनर्निर्मित सेल्युलोजची चकाकी आली. केंब्रिजच्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातील अभ्यासात २०२० मध्ये असे आढळले की या ‘जैवविघटनशील’ चकाकीनेही पाण्यातील टिकलीसारख्या लेम्ना वनस्पतीच्या मुळांची वाढ खुंटली, आणि तीत एका परकीय गोगलगायीची संख्या वाढली. गाभा सेल्युलोजचा असला तरी वरचा धातूचा व प्लास्टिकचा लेप राहतोच. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठात सिल्व्हिया विग्नोलिनी यांच्या गटाने सेल्युलोजच्या स्फटिकांच्या रचनेतूनच रंग निर्माण करून हा लेप टाळण्याचा मार्ग दाखविला आहे. दुसरा मार्ग अभ्रकाचा. तो नैसर्गिक खरा, परंतु झारखंड व बिहारमधील कोडरमा, गिरिडीह, नवादा या पट्ट्यातील बेकायदा खाणींत मुले राबतात व मरतात, हे २०१६ मध्ये वृत्तसंस्थांनी उजेडात आणले. त्यानंतर २०१७ मध्ये प्रसाधन कंपन्यांसह अनेकांनी पुरवठासाखळी सुधारण्यासाठी संयुक्त उपक्रम सुरू केला. पॅरिसमधील प्रसाधनाच्या डबीवर ‘प्लास्टिकमुक्त’ असे छापताना ही किंमत कोणत्या रकान्यात मांडावयाची, हे कोणत्याही विघटन चाचणीत येत नाही.

भारतीय संदर्भ

राष्ट्रीय हरित लवादापुढे हा प्रश्न गेल्यानंतर भारतीय मानक ब्यूरोने २०१७ मध्ये प्रसाधनांत वापरण्यास सुरक्षित न मानलेल्या द्रव्यांच्या यादीत जैवविघटनशील नसलेल्या बहुवारिकांचे मायक्रोबीड समाविष्ट केले. येथे इलिनॉयचेच विशेषण परतलेले दिसते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर जी बंदी आणली, तिचा रोख पिशव्या, ताटे, वाट्या यांवर होता. डोळ्यांना दिसणारे प्लास्टिक हे तिचे लक्ष्य. केंद्र शासनाच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत मार्च २०२४ मध्ये केलेल्या दुरुस्तीने सूक्ष्मप्लास्टिकची व्याख्या प्रथमच दिली : पाण्यात न विरघळणारा, एक ते एक हजार मायक्रॉन मापाचा घन प्लास्टिक कण. त्याच दुरुस्तीनुसार जैवविघटनशील प्लास्टिकने विघटनानंतर सूक्ष्मप्लास्टिक मागे ठेवता कामा नये. विशेषणाला अट जोडली गेली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु अमेरिका व युरोप यांची वरची मर्यादा पाच मिलिमीटर आहे, आपली एक मिलिमीटर. आणि ही व्याख्या कचऱ्याच्या नियमांत आहे, प्रसाधनांच्या नियमांत नाही. दोन मिलिमीटरचा कण एका देशात सूक्ष्मप्लास्टिक आणि दुसऱ्यात नाही, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली आहे.

उटण्याचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो. दिवाळीत विकले जाणारे उटणे हा जैवविघटनशील घर्षक होय, यात शंका नाही. पण ते नळीत भरून वर्षभर विकावयाचे झाले तर त्याला परिरक्षके, निर्जंतुकीकरण, घट्ट करणारे बहुवारिक हे सर्व लागेल, आणि मग ते उटणे राहणार नाही. उटण्याची ताकद त्याच्या घटकांत जितकी आहे तितकीच ते कोरडे विकले जाण्यात आहे. पाणी वगळून भुकटीच्या किंवा वडीच्या रूपात फेसवॉश व शाम्पू विकण्याचे जे प्रयोग अलीकडे देशोदेशी होत आहेत, त्यांनी नळीचीच गरज कमी केली आहे. लघुउद्योगांना व महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांना काम करण्यास वाव आहे तो या दिशेने. महागड्या सेल्युलोज मण्यांची नक्कल करण्यात नव्हे. डाळीच्या पिठातील सूक्ष्मजीवांची संख्या, दाण्याचा आकार, आर्द्रता आणि साठवणीचा काळ यांचा संबंध मोजणे हे पदव्युत्तर स्तरावर सहज करता येण्याजोगे काम आहे.

युरोपला प्रसाधने निर्यात करणाऱ्या भारतीय उत्पादकांपुढे मात्र कालमर्यादा ठरलेल्या आहेत. धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांसाठी १७ ऑक्टोबर २०२७, त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांसाठी व कोशबद्ध सुगंधांसाठी १७ ऑक्टोबर २०२९, आणि ओठ, नखे व चेहऱ्याच्या रंगप्रसाधनांसाठी १७ ऑक्टोबर २०३५. या शेवटच्या गटातील वस्तूंवर १७ ऑक्टोबर २०३१ पासून त्यांत सूक्ष्मप्लास्टिक असल्याचे छापावे लागणार आहे. लिपस्टिकच्या वेष्टनावर ते वाक्य किती मोठ्या अक्षरांत बसते, हे तेव्हा दिसेल.